ठासणीच्या बंदुकीची किंमत

९ फेब्रुवारी

ही वही माहेनूरच्या सांगण्यावरून. माहेनूर म्हणजे ह्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायला एक दिवसाआड येणारी फिजिओ मुलगी. आमच्या प्रियंकापेक्षा लहान, पण मला दटावते. "टीचर, रोज काय केलं ते लिहीत जा. तुम्हाला वाटतं काहीच होत नाही, मागचं वाचलं की कळतं." जन्मभर महापालिकेच्या शाळेत दुसऱ्यांच्या पोरांच्या प्रगतिपुस्तकावर शेरे मारले, आता नवऱ्याच्या मारायचे.

तर शेरा असा. संक्रांतीनंतर लगेच झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ जड झाली. मार्केट यार्डात दिवाणजी असताना व्यापाऱ्यांशी किती टापटीप बोलायचे! आता उरलंय ते फक्त गावाकडचं, 'पानी', 'व्हय', 'न्हाय'. त्यातही 'न्हाय' जास्त.

आज आधार देऊन पलंगाच्या कडेला बसवलं. थोडा वेळ बसले. मान खालीच.

१४ फेब्रुवारी

मधले दिवस लिहिण्यासारखे नाहीत. आज डॉक्टर म्हणाले, पाय उभा राहू शकतो, पण पेशंटनं मनावर घेतलं पाहिजे. ह्यांनी तर काहीच मनावर घेतलेलं नाही. माहेनूर हात धरून वर नेते, सोडला की धप्पकन खाली. डोळे छताकडे. मी चिडून म्हटलं, "बंदूक उचलणारा हात तुमचा, आणि चमचा उचलवत नाही?" त्यांनी डोळे मिटून घेतले.

मला भीती वाटते. हे असेच पडून राहिले तर जातील, हे मला स्पष्ट दिसतंय. ह्या माणसाला उठायला काहीतरी कारण पाहिजे, आणि ते मलाच शोधायचं आहे.

१७ फेब्रुवारी

बंदुकीच्या परवान्याची मुदत संपत आली म्हणून कचेरीत गेले होते. तिथल्या बाई बोलायला चांगल्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, साहेब उभे राहू शकत नाहीत, तर नूतनीकरण नाही होणार. घरातलं दुसरं कोणी परवाना घेत असेल तर अर्ज करा. नाहीतर परवानगी घेऊन विका. मुदत संपली की ठाण्यात जमा करावी लागेल."

घरात दुसरं आहे कोण? प्रियंका पुण्याला. जावई दिवाळीत फटाका वाजला की कानात बोटं घालून स्वयंपाकघरात पळतात. त्यांना किती वेळा सुनावलंय मी, सासऱ्याकडे बघा म्हणून. हे दिवाळीचे चार दिवस मठात जाऊन बसतात ती गोष्ट वेगळी. ह्यांना लवंगी फटाके पोरकट वाटत असणार.

म्हणजे विकायची. लिहितानाही कसंतरी होतंय.

बंदुकीबद्दल लिहून ठेवते. ठासणीची आहे. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर चिंधी, मग गजानं ठासायची, मागे ठिणगीची टोपी बसवायची आणि घोडा ओढायचा. एक बार झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. आमच्या गावात, मोहोळच्या पुढे, चैत्रात सिद्धनाथाची जत्रा भरते. देवळातून पालखी उचलताना पहिला बार आमच्या घराचा, हा मान. मामंजी देवळासमोर उघड्यावर उडवायचे. माझे वडील मला स्थळ दाखवायला जत्रेलाच घेऊन गेले होते. मी मुलगा नीट पाहिलाच नाही. मामंजींच्या खांद्यावरची बंदूक पाहिली आणि हो म्हणून टाकलं. हे मी चारचौघांत सांगायचे आणि हे हसायचे. "आमच्या माहेरी सगळे तराजू धरणारे, मी बंदूकवाल्यांच्या घरात आले," हे माझं ठरलेलं वाक्य.

लग्नाला वर्ष होतंय तोवर मामंजी गेले आणि मान ह्यांच्याकडे आला. ह्यांनी लगेच शिस्त लावली. आवाजानं बैल उधळतात म्हणून बार देवळाच्या मागच्या भिंतीआडून काढायचा. शेल्यात बंदूक गुंडाळून हे भिंतीमागे जायचे, आम्ही बायका ताटं घेऊन पालखीपुढे, आणि मग तो आवाज. छातीत बसायचा. हे बाहेर यायचे ते घामाघूम, अंगाला धुराचा वास. मी आधी बंदुकीला ओवाळायचे, मग ह्यांना. गेल्या वर्षी तर निवडणुकीची आचारसंहिता होती, तालुक्यातल्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा, आमचीही. तरी पालखीला बार झालाच. साहेबांशी बोलून तेवढ्यापुरती आणली आणि लगेच शिपायाकडे परत दिली, म्हणाले. असा माणूस आहे माझा.

१८ फेब्रुवारी

आज भाकरी थापताना सुचलं. काही वर्षांपूर्वी जत्रेला एक निवृत्त मिलिटरीवाले पाहुणे आले होते. बंदूक हातात घेऊन म्हणाले होते, "ताई, लाखाची वस्तू आहे, जपा." तेव्हा हसण्यावारी नेलं. पण खरंच तेवढी असेल तर? कुणीतरी जाणता माणूस मानानं घेऊन जाईल. आणि त्याच्या हातात द्यायला, जत्रेत, सगळ्या गावासमोर, हे स्वतः उभे राहतील. हेच ते कारण!

लगेच ह्यांच्या उशाशी बसून सांगितलं. "आता मी तुमच्या बंदुकीची खरी किंमत काढते बघा. तज्ज्ञ माणूस आणून दाखवते."

"न्हाय," म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आवाजात जोर. डावा हात पलंगावर आपटला. माहेनूर तिथेच होती, ती खूश झाली, म्हणाली जीव आला. मलाही बरं वाटलं. बंदुकीवर किती जीव आहे बघा, विकायचं नावसुद्धा सोसत नाही.

२२ फेब्रुवारी

रोज दुपारी हे झोपले की फोनवर शोधते. अमेरिकेत ठासणीच्या बंदुका अजून शिकारीला वापरतात हे मला ह्या वयात कळलं. वापरलेल्यासुद्धा विकायला असतात, लाकडावरचा ओरखडा न् ओरखडा फोटोत दाखवतात. डॉलरचे रुपये केले आणि आकडा दोनदा तपासला. मग पुढे वाचलं की त्यांच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, तशी असेल तरच रायफल. आपल्या नळीत आहेत का बघायला बॅटरी मारली. उजेड दोन बोटं आत गेला की थांबतो, पुढे नुसता काळोख. खोल असेल.

प्रियंकाला फोन केला तर ती ओरडली. "आई, फोटो कुठे टाकूबिकू नकोस. बंदूक अशी ऑनलाइन विकत नाहीत, आत जाशील!" मग म्हणाली, "बाबांना विचारलंस का पण?"

"विचारलं की."

"काय म्हणाले?"

"न्हाय म्हणाले."

"मग?"

मग काय? माझ्या जागी ती असती तर तिनं काय केलं असतं, ते मात्र बोलली नाही.

२ मार्च

प्रियंकाच्या ऑफिसातल्या कुणाचे काका पुण्यात जुनी हत्यारं जमवतात. त्यांच्याशी बोलले. सभ्य गृहस्थ. म्हणाले, "ताई, असल्या गावठी बनावटीच्या पुष्कळ येतात हो. बनवणाऱ्याचा शिक्का असला तर बघू."

शिक्का शोधायला बसले. बंदुकीवर वर्षानुवर्षांचं हळदकुंकू साचून कवच झालंय. नखानं खरवडलं. खाली शिक्का नव्हता, खाली आणखी कुंकू होतं. शेवटी लोखंड लागलं तेव्हा ते गुळगुळीत आणि मुकं.

ह्यांना सांगितलं, पुण्याच्या साहेबांना फार आवडली बंदूक. ह्यांनी माझ्याकडे बघितलं ते कसं बघितलं ते लिहिता येत नाही. आज व्यायाम अजिबात केला नाही.

७ मार्च

बार्शीकडच्या एका शेतकऱ्याकडे पीक राखायचा परवाना आहे असं कळलं, त्याला फोन लावला. तो हसायलाच लागला. "मावशी, ठासणीची काय करू? मी दारू घालनार, चिंदी घालनार, गज मारनार, तवर डुकरं थांबत्यात व्हय? अर्दं रान साफ करत्याली की!"

मीही हसले त्याच्याबरोबर. फोन ठेवल्यावर रडू आलं. मी ज्याला जन्मभर ओवाळलं त्याला डुकरंसुद्धा भीत नाहीत.

संध्याकाळी हे काहीतरी सांगायची खटपट करत होते. "अल्ला... अल्ला..." मग उमगलं, अल्लाउद्दीन. ह्यांचा गावाकडचा बालमित्र, ह्यांना अजून नुसतं 'गुरु' म्हणतो, जत्रेत शोभेची दारू करतो, पिढीजात कारागीर. "त्याला बोलवायचंय?" तर "व्हय, व्हय," आणि डोळ्यांत पाणी.

मी म्हटलं, बंदुकीचं मार्गी लागू दे, मग बोलावते. आत्ता आला तर दोघं बंदुकीच्या नावानं गळ्यात गळे घालून रडतील, आणि मला घरात रडारड नको आहे. पुढं पुष्कळ वेळ आहे.

१५ मार्च

आज बंदुकीच्या दुकानाचे मालक शिवयोगी घरी आले. परवानाधारक अंथरुणाला, म्हणून कचेरीतून विचारून तेच आले. गोरे, गुबगुबीत, कपाळाला विभूती, तोंडात सुपारी. ह्यांच्या पलंगाशेजारीच खुर्ची टाकून बसले. मी मुद्दाम तिथेच बसवलं, किंमत ह्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकावी म्हणून.

बंदूक मांडीवर घेतली, घोडा ओढून बघितला. हलला नाही. गज काढून नळीत घातला. वीतभर गेला आणि अडला. मग पेपर पसरला, नळी उपडी केली आणि तळव्यानं ठोकली. पेपरवर तांबडा भुगा पडला, पिवळट पापुद्रे पडले आणि अक्षतांचे दोन दाणे पडले.

"मॅडम, हे काय हो?"

"खंडेनवमीचं असेल. मी दरसाल अभिषेक घालते."

"कशाचा?"

"कशाचा म्हणजे? कोमट पाणी, दूध, दही, मध, आणि परत पाणी. नळीत पण ओतते. आतून नको का शुद्ध व्हायला?"

त्यांची सुपारी चघळायची थांबली. "नळीत दूध ओतता? आणि साहेब काही बोलत नाहीत?"

"ते स्वतः धरतात की उभी. मी ओतते, ते धरतात."

शिवयोगींनी ह्यांच्याकडे बघितलं. मग परत नळीकडे. म्हणाले, "ही नळी आतून पूर्ण बसलीय मॅडम. गंजानं बुजलीय. ह्यातून वीस-पंचवीस वर्षं तरी बार गेलेला नाही. जास्तच असतील, कमी नाहीत."

मला रागच आला. म्हटलं, "कसं शक्य आहे? दरसाल जातो. गेल्या चैत्रात गेला. मी माझ्या कानांनी ऐकलाय."

ते पुन्हा ह्यांच्याकडे बघत राहिले. ह्यांनी डोळे मिटले होते, झोप लागली असावी. शिवयोगी उठले, बंदूक दोन्ही हातांनी गादीवर ठेवली आणि म्हणाले, "मग असेल मॅडम. माझंच चुकत असेल."

"पण किंमत?"

"किंमत काय सांगू. मी फुकट घेतली तरी माझ्याकडे फक्त नोंद वाढणार. तुम्ही सरळ ठाण्यात जमा करा."

वीस-पंचवीस वर्षं म्हणे! माल पाडून मागायची ही जुनी रीत आहे. जुनी जरीची साडी विकायला नेली की कापडवालेसुद्धा आधी म्हणतात, बाई, हे काठ आता कोण घालतं. पण त्यांनी मागितली कुठे? घेतच नाहीत म्हणाले. आणि तो भुगा तर खरा होता. तो पेपर मी अजून टाकलेला नाही.

१६ मार्च

सकाळपासून एकच डोक्यात. मी घालवली. मामंजींच्या हातची वस्तू मी दूधदही ओतून ओतून घालवली. माझ्या सासूबाई नुसतं कुंकू लावायच्या. अभिषेकाची हौस माझी, शिकलेल्या सुनेची.

ह्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं. "मीच बिघडवली हो तुमची बंदूक. तुम्ही इतकी वर्षं तिला चालती ठेवलीत आणि मी आतून खाल्ली. ह्या चैत्रात उडवायला गेला असता तर फुटली असती, हात गेला असता तुमचा."

त्यांना रडू फुटलं. असं रडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, मामंजी गेले तेव्हाही नाही. "न्हाय," म्हणाले, "न्हाय, न्हाय," आणि डाव्या हातानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मला वाटलं आता मारतील. तर नाही, तोच हात नेऊन स्वतःच्या कपाळावर मारून घेतला. मी धरून ठेवला.

मला माफ केलं त्यांनी. माणूस किती मोठ्या मनाचा आहे. मी एवढं नुकसान केलं आणि तो नशिबाला बोल लावतोय.

२१ मार्च

चमचा नाही, पाय नाही, काही नाही. माहेनूर म्हणाली, "टीचर, सर हात देतच नाहीत. मी नुसती त्यांचं शरीर हलवून जाते." जत्रेत उभं राहायचं कुठलं!

३ एप्रिल

बंदूक जमा केली. शेल्यात गुंडाळून, लेखी परवानगी घेऊन, रिक्षानं. ठाण्यातल्या हवालदारानं चिठ्ठी बांधली आणि इतर बंदुकांच्या बाजूला भिंतीला टेकवली. मी नकळत पायातल्या चपला काढल्या होत्या. तो म्हणाला, "मॅडम, देऊळ नाही हे, घाला."

घरी आले तर हे दाराकडेच बघत होते. रिकामा शेला बघितला आणि श्वास सोडला. मी तो दुःखाचा धरला. काय बोलणार होते मी तरी.

११ एप्रिल

उद्या जत्रा. मी जाणार आहे. मान आमचा आहे, तर गावाची माफी पण आम्हीच मागायला हवी, की यंदा बार नाही. उद्या माहेनूर दिवसभर ह्यांच्याजवळ थांबते म्हणाली, स्वतःहून. सोलापूर नुसतं भाजतंय.

१३ एप्रिल

काल लिहिणं झालं नाही. आज सगळं लिहिते, क्रमानं.

एसटीनं मोहोळ, तिथून जीप. नणंद निंगव्वाआक्का देवळाच्या पायरीवर भेटल्या, ह्यांची थोरली बहीण, विधवा, गावातच असतात. मी म्हटलं, "आक्का, यंदा बार नाही. बंदूक ठाण्यात आहे. गावाला कसं सांगू?"

त्यांनी पदर सारखा केला. "बगू की. तू ताट धर."

पालखी उचलायची वेळ झाली. मी ताट घेऊन उभी, मनात एकच, की आता सगळे माझ्याकडे बघतील. आणि बार झाला.

तोच. तसाच. छातीत बसणारा. भिंतीच्या मागून, दरसालच्या जागेवरून. कुणी दचकलं नाही, कुणी मागे वळून पाहिलं नाही. हलगी सुरू झाली, पालखी निघाली, बायका फुलं टाकायला पुढे सरकल्या. मी एकटीच तिथे खांबासारखी.

"चल, ओवाळ," आक्का म्हणाल्या. सवयीनं.

"कुणाला?" मी विचारलं.

आक्कांनी ताटातली वात सारखी केली. मग खाली बघत म्हणाल्या, "तू नवी व्हतीस. आमी म्हटलं, कळंल हळूहळू."

मी ताट त्यांच्या हातात दिलं आणि भिंतीमागे गेले. इतक्या वर्षांत तिथे मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. जमिनीत लोखंडी उखळी पुरलेली, तिच्या तोंडातून अजून धूर. शोभेच्या दारूची उखळी, आत दारू भरून बत्ती द्यायची ती. मागची भिंत पुरुषभर उंचीपर्यंत काळी. एका वर्षाची नव्हती ती काजळी. अल्लाउद्दीन उकिडवा बसून हात पुशीत होता. मला बघून घाईनं उठला.

"वैनी," म्हणाला.

"किती वर्षं?"

"तुमचं मामंजी गेल्यावरच्या जत्रंपासनं." त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "गुरुनं ठासाय गज हातात घेतला, आन हात असं लटालटा कापाय लागलं. दारू समदी खाली सांडली. म्हनला, अल्ल्या, मला आवाज सोसत न्हाय, ल्हानपनापासनं सोसत न्हाय, आता काय करू? पालकी तर उचलत व्हती. मग मी उखळीला बत्ती दिली. त्यो कानावर हात ठिवून ह्या भितीला टेकून बसला. दरसाल तसाच बसायचा."

"आणि गावात कुणाकुणाला माहीत आहे?"

त्यानं टोपी गुडघ्यावर झटकली.

"अल्लाउद्दीन, कुणाला?"

"गावाला."

"बायकांना पण?"

"व्हय."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"तुमी ताट घिऊन उभं ऱ्हायचा वो वैनी. तोंडावर लई उजेड असायचा तुमच्या. कोन सांगंल? गुरु म्हनायचा, फुडल्या साली सांगतो. त्येची फुडली साल येतच न्हवती." मग नाक पुसून म्हणाला, "यंदा मातर ठरवलंवतं त्येनं. संक्रांतीला हितं आलता. म्हनला, अल्ल्या, आता वजं पेलत न्हाय, जत्रंआदी तिला सांगून मोकळा हुतो. मग झटक्याचंच कळलं."

परतीच्या एसटीत खिडकीतून लू लागत होती आणि मला काही वाटत नव्हतं. आधी नुसता संताप. एका अख्ख्या गावानं मला सांभाळून घेतलं, वेडीला घेतात तसं. हसले असते तर परवडलं असतं. मग एकेक आठवत गेलं. दिवाळीतला मठ. आचारसंहितेतला बार. त्या शिवयोगींनी दोनदा ह्यांच्याकडे बघितलेलं. अभिषेकाला बंदूक उभी धरून बसलेले हे, मी दूध ओततेय आणि हे नळीच्या तोंडाकडे बघतायत. आणि जावयांना कानात बोटं घालतात म्हणून मी किती बोलायचे, तेव्हा हे ताटावरून उठून हात धुवायला जायचे. अर्ध्या जेवणावरून.

माझ्या नवऱ्याला भीती वाटत होती आणि ती त्यानं सगळ्या गावाला सांगितली, फक्त मला नाही. ह्याचं वाईट इतकं वाटलं की मोहोळ कधी मागे गेलं कळलं नाही.

घरी आले. हे जागेच. माहेनूर म्हणाली, सकाळपासून दाराकडे डोळे. मला बघून तोंड हलवलं आणि स्वच्छ म्हणाले, "बार?"

त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि सगळा राग गेला. इतका वाळलेला चेहरा. ह्या माणसाकडे आता दुसरं आहे काय? हाच एक मान. तोही मी काढून घेऊ? अल्लाउद्दीन म्हणतो सांगणार होते. पण एवढी वर्षं सांगेन सांगेन म्हणून जो सांगत नाही, त्याला सांगायचं नसतं. एवढं मला माणसातलं कळतं.

मी हसले. म्हटलं, "बार कुठला? तुम्ही नाही तर बार कोण काढणार? सगळं गाव म्हणालं, गुरु नाही तर बार नाही. पालखी मुकी उचलली यंदा. अल्लाउद्दीनसुद्धा म्हणाला, गुरुसारखी बंदूक ह्या तालुक्यात कुणी चालवली नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग "न्हाय," म्हणाले. "न्हाय... म्या... न्हाय..." मान हलवायला लागले, उजवा हात वर उचलला, स्वतःहून, छातीपर्यंत. मी तो हात हातात घेतला, तोंडावर बोट ठेवलं. म्हटलं, "बोलू नका, दमाल. मला माहीत आहे तुम्ही कोण आहात ते."

१७ एप्रिल

माहेनूर आज जाताना दारात थांबली. "टीचर, सरांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय. जत्रेपासून तुम्ही खोलीत आलात की तोंड हलवतात, मी एकटी असले की नाही हलवत. बसा ना जरा त्यांच्यापाशी, काय म्हणतात बघा."

मी म्हटलं, बंदुकीचं असेल गं. ते आता संपलं, पुन्हा पुन्हा उकरून त्यांना त्रास कशाला?

दुपारी शिवयोगींचा फोन आला होता. कुठल्या हॉटेलवाल्याला भिंतीवर लावायला जुनी बंदूक हवी आहे, परवानगीचं ते बघतील, चार पैसे देतील म्हणाले. नको म्हणून सांगितलं. ती विकायची नाही. तिची किंमत मला कळली आहे.

ह्यांना तेही सांगितलं, मोठ्यानं, आनंदानं. त्यांनी ऐकलं आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर ओठ हलवले नाहीत. चमचा पुढे केला तर तोंडही उघडलं नाही, पण तळमळ अशी काहीच नाही. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा असे शांत पडून आहेत. बरं झालं, बंदूक एकदाची मनातून गेली असावी.